माप वहीत लिहून ठेवा: आकड्यांच्या प्रोग्रॅमसाठी एडिटर कसा निवडायचा



आजचा विषय ऐकून काही जणी म्हणतील, "हे काही आपल्यासाठी नाही बाई." पण जरा थांबा. आपल्या गटांतल्या लेकी-सुना आता बीएस्सी करतायत, बीकॉम करतायत, अर्थशास्त्र घेऊन बीए करतायत. अनेक कॉलेजांत संख्याशास्त्राच्या प्रात्यक्षिकाला 'आर' नावाची कॉम्प्युटरची भाषा असते. ग्रामसंघाचे लेखे बघणाऱ्या ताईंच्या कानावरही तिचं नाव येऊ लागलंय. मग बैठक संपली की प्रश्न येतो: "ताई, ही आर शिकायची तर लिहायचं कशात? एक जण नोटपॅड म्हणतो, दुसरा आरस्टुडिओ म्हणतो, तिसरा व्हीएस कोड म्हणतो. आम्ही कुणाचं ऐकायचं?"

प्रोग्रॅम ज्यात लिहितात त्या सॉफ्टवेअरला टेक्स्ट एडिटर म्हणतात. नवशिक्या बाईने किंवा मुलीने तो कसा निवडावा, हे आज बघूया. पण त्याआधी हे शिकायचं तरी कशाला, ते बघू.

आकडे कुणाच्या हातात?

समजा, एका गटात दहा जणी आहेत. नऊ जणींना प्रत्येकी ५,००० रुपये कर्ज मिळालं आणि एकीला ५५,०००. एकूण झाले १,००,०००. दहाने भागलं की सरासरी आली १०,०००. अहवालात ओळ पडते, "गटातील सरासरी कर्ज १० हजार रुपये." बेरीज बरोबर, भागाकार बरोबर, ओळही खोटी नाही. पण दहातल्या नऊ जणींच्या हातात त्याच्या निम्मेच पैसे आलेत, हे त्या ओळीत दिसतच नाही.

आता या दहा रकमा लहानापासून मोठ्यापर्यंत रांगेत लावा आणि मधली बघा. ती येते ५,०००. हिला मध्यक म्हणतात. सरासरी आणि मध्यक शेजारी शेजारी ठेवले की बाई लगेच विचारते, "एवढा फरक का?" आणि बैठकीत बोलायला लागते. आकडे वाचता येणं म्हणजे हेच.

एका गटाचं असेल तर वही-पेन पुरे. त्यासाठी प्रोग्रॅम लिहायची काही गरज नाही. पण ग्रामसंघाकडे वीस-पंचवीस गट असतात. प्रत्येक गटाची दर महिन्याची बचत, कर्ज, परतफेड, तीही दोन-तीन वर्षांची. एवढं हाताने मोजायचं म्हटलं तर आठवडा जातो. एक्सेलमध्ये होतं, पण तिथे एक अडचण आहे. कुठे क्लिक केलं, कुठला रकाना क्रमाने लावला, कुठली ओळ पुसली, हे नंतर शोधणं फार अवघड जातं. नावांचा रकाना तसाच राहिला आणि फक्त रकमांचा रकाना क्रमाने लावला गेला, तर एकीचं कर्ज दुसरीच्या नावावर दिसायला लागतं.

आरमध्ये काम वेगळ्या पद्धतीने होतं. मूळ आकड्यांची फाइल बाजूला तशीच राहते. काय करायचं ते आपण ओळीओळीने लिहितो: ही फाइल वाच, हा रकाना घे, याची सरासरी काढ, मध्यक काढ. उत्तर पटलं नाही तर त्या ओळी कुणीही वाचून तपासू शकतं. पुढच्या महिन्यात नवे आकडे आले की त्याच ओळी पुन्हा चालवायच्या.

मशीन वेगळं, मापाची वही वेगळी

आपल्यातल्या शिवणकाम करणाऱ्या मैत्रिणींना हे पटकन कळेल. शिलाई मशीन कापड शिवतं, पण माप असतं वहीत. गिऱ्हाइकाचं माप तोंडी ऐकून ब्लाउज शिवला तर तो शिवला जाईल, पण दिवाळीला तीच बाई पुन्हा आली की टेप घेऊन पहिल्यापासून मोजायला लागणार. माप वहीत असेल तर वही उघडायची आणि कापड बेतायला घ्यायचं. तुम्ही माहेरी गेलात तरी तुमची जोडीदारीण वही बघून शिवू शकते.

इथे आर म्हणजे मशीन आणि एडिटर म्हणजे मापाची वही. आर सुरू केलं की एक खिडकी उघडते, तिला कन्सोल म्हणतात. त्यात ओळ लिहून एंटर दाबलं की उत्तर येतं. पण हा तोंडी हिशेब झाला. कॉम्प्युटर बंद केल्यावर कोणत्या ओळी कोणत्या क्रमाने लिहिल्या होत्या ते नीट हाताशी राहत नाही. त्याच ओळी एडिटरमध्ये लिहिल्या की त्यांची फाइल होते. तिला स्क्रिप्ट म्हणतात. ती जपता येते, दुसऱ्या ताईला देता येते, वर्षाने पुन्हा चालवता येते.

ही आर भाषा आली कुठून, तेही ऐका. न्यूझीलंडमधल्या ऑकलंड विद्यापीठात रॉस इहाका आणि रॉबर्ट जंटलमन हे दोन शिक्षक होते. दोघांच्याही नावाचं पहिलं इंग्रजी अक्षर आर. विद्यार्थ्यांना संख्याशास्त्र शिकवायला सोयीचं साधन हवं होतं, म्हणून १९९० नंतरच्या पहिल्या काही वर्षांत त्यांनी ही भाषा तयार केली. १९९५ मध्ये त्यांनी ती सगळ्यांसाठी मोफत आणि खुली केली. २००० साली तिची १.० ही आवृत्ती आली. म्हणजे ही भाषा मुळात शिकणाऱ्यांसाठीच बनली आहे. आजही ती घ्यायला एक रुपया लागत नाही.

निवडताना काय बघायचं?

मशीन घेताना आपण नुसता रंग बघत नाही. सुटे भाग गावात मिळतात का, वीज गेली तर पायाने चालतं का, दुरुस्तीला कोण आहे, हे विचारतो. एडिटरचंही तसंच. पाच गोष्टी बघा.

पहिली: एक ओळ लिहिली की तीच ओळ लगेच चालवून उत्तर शेजारी बघता येतं का? नव्याने शिकताना हे सगळ्यात महत्त्वाचं. वीस ओळी लिहून एकदम चालवल्या आणि चूक निघाली, तर कुठली ओळ चुकली ते कळत नाही आणि हातपाय गळतात.

दुसरी: कंस आणि अवतरण चिन्हं सांभाळायला एडिटर मदत करतो का? आरमध्ये कंस उघडला की मिटावाच लागतो. चांगला एडिटर उघडणारा कंस लिहिताच मिटणारा कंस स्वतः टाकतो, आणि वेगवेगळ्या प्रकारचे शब्द वेगवेगळ्या रंगांत दाखवतो. रंग बदलला नाही की काहीतरी राहिलंय हे डोळ्यांना कळतं.

तिसरी: मराठी अक्षरं नीट राहतात का? गावांची आणि गटांची नावं आपण देवनागरीत लिहितो. फाइल पुन्हा उघडल्यावर त्याजागी भलतीच चिन्हं दिसायला नकोत. यासाठी फाइल 'यूटीएफ-८' या पद्धतीने साठवायची असते आणि एडिटरमध्ये ती सोय लागते.

चौथी: इंटरनेट नसताना चालतो का? आणि तुमच्या कॉम्प्युटरला झेपतो का?

पाचवी: मोफत आहे का, आणि अडल्यावर विचारायला जवळपास कुणी तोच एडिटर वापरणारं आहे का? ही पाचवी गोष्ट हलकी समजू नका. कॉलेजात मॅडम ज्यात शिकवतात तोच एडिटर मुलीच्या घरच्या कॉम्प्युटरवर असेल, तर तिची निम्मी अडचण तिथेच संपते.

एकेक एडिटर बघूया

आधी वर्डचं बोलू, कारण बहुतेकींना टायपिंग वर्डमध्येच येतं. वर्ड अर्जासाठी चांगलं, प्रोग्रॅमसाठी नाही. वर्ड सरळ अवतरण चिन्हांची आपोआप वळणदार चिन्हं करतं. आपल्याला ती सुंदर दिसतात, पण आरला ती समजत नाहीत आणि ओळ अडते. शिवाय वर्डच्या फाइलमध्ये अक्षरांचा आकार, ठळकपणा अशी बरीच न दिसणारी माहिती भरलेली असते. प्रोग्रॅमला साधा मजकूर लागतो, बाकी काही नको.

नोटपॅड. हे विंडोजबरोबरच येतं आणि अगदी साधा मजकूर लिहितं. यात स्क्रिप्ट लिहिता येते, पण रंग नाहीत, कंसाची मदत नाही आणि ओळ चालवायची सोय नाही. प्रत्येक वेळी इथून उचलून आरच्या खिडकीत चिकटवायचं. चार ओळींना ठीक, चाळीस ओळींना कंटाळा येतो.

नोटपॅड प्लस प्लस. हे नोटपॅडचं थोरलं भावंड म्हणा, पण बनवणारे वेगळे. मोफत आहे, हलकं आहे, ओळींना क्रमांक देतं, आर भाषेचे रंग दाखवतं. मात्र ओळ चालवायला पुन्हा आरकडे जावं लागतं. दुसऱ्याने दिलेली स्क्रिप्ट वाचायला छान.

आरचा स्वतःचा एडिटर. हे पुष्कळ जणींना माहीतच नसतं. विंडोजवर आर बसवलं की त्याच्यासोबत एक छोटा एडिटर येतो. फाइल या मेनूत जाऊन न्यू स्क्रिप्ट निवडा, पाटी उघडते. ओळ लिहा, कंट्रोल आणि आर ही बटणं एकत्र दाबा, ओळ चालते आणि उत्तर शेजारच्या खिडकीत येतं. रंग नाहीत, कंसाची मदत नाही. पण जुना, मंद कॉम्प्युटर असेल तर हा एडिटर खरा सोबती. वेगळं काही उतरवून घ्यायला नको.

व्हीएस कोड. हा मायक्रोसॉफ्टचा, २०१५ पासून आहे, मोफत आहे आणि पुष्कळ भाषांसाठी चालतो. पण नव्या व्हीएस कोडला आर ओळखीचं नसतं. त्यासाठी जोडणी बसवावी लागते, आरमध्ये आणखी एक पॅकेज घालावं लागतं, थोडी मांडामांड करावी लागते. कॉम्प्युटर शाखेतल्या मुलांना ते सहज जमतं, म्हणून ते तेच सुचवतात. त्यांचं चुकत नाही, पण ते पाच वर्षं पुढे आहेत. सायकल शिकायच्या दिवशी कुणी ट्रॅक्टरचं स्टिअरिंग हातात देत नाही.

इमॅक्स आणि विम. यांची नावं पुस्तकांत भेटतील. जाणकार मंडळी यांच्यावर जीव टाकतात. पण त्यांच्या बटणांची भाषाच वेगळी शिकावी लागते. आधी आर शिका, हे नंतर बघू.

आरस्टुडिओ. हा खास आरसाठीच बनवलेला एडिटर. २०११ मध्ये आला. तो बनवणाऱ्या कंपनीचं नावही आधी आरस्टुडिओच होतं, २०२२ मध्ये ते पॉझिट झालं. एडिटरचं नाव मात्र तेच राहिलं. त्याची आरस्टुडिओ डेस्कटॉप ही आवृत्ती मोफत मिळते आणि एकदा बसवली की इंटरनेटशिवाय चालते. पडद्याचे चार भाग असतात. वर डावीकडे एडिटर, म्हणजे आपली मापाची वही. खाली डावीकडे कन्सोल, म्हणजे मशीन. वर उजवीकडे आपण कोणते आकडे घेतलेत त्याची यादी. खाली उजवीकडे फाइली, आलेख आणि मदत. ओळीवर कर्सर ठेवायचा, कंट्रोल आणि एंटर दाबायचं. ओळ चालते, कर्सर आपणहून पुढच्या ओळीवर जातो. कंस तो मिटवतो, रंग दाखवतो आणि चूक असलेल्या ओळीशेजारी लाल खूण करतो.

मघाच्या पाच गोष्टी लावून बघितल्या तर आर शिकणाऱ्या नवशिकीसाठी माझं मत आरस्टुडिओला. फक्त तो थोडा जड आहे. ३२ बिट विंडोज असलेल्या जुन्या कॉम्प्युटरवर आर आणि आरस्टुडिओच्या नव्या आवृत्त्या चालत नाहीत. तसा कॉम्प्युटर असेल तर आरची जुनी आवृत्ती आणि तिचाच छोटा एडिटर वापरायचा. त्यात कमीपणा काही नाही.

पायथन. मुलीच्या कॉलेजात आरऐवजी पायथन भाषा असेल तर आरस्टुडिओचा हट्ट नको. नव्याने शिकणाऱ्यांसाठी थॉनी नावाचा मोफत एडिटर आहे. तो एस्टोनिया देशातल्या टार्टू विद्यापीठात तयार झाला. प्रोग्रॅम एकेक पायरी पुढे नेत आत काय चाललंय ते तो दाखवतो.

ब्राउझरमध्ये चालणारे एडिटर. पॉझिट क्लाउड किंवा गुगल कोलॅब हे कॉम्प्युटरवर काही न बसवता चालतात. सरावाला चांगले. पण रेंज गेली की काम थांबतं, आणि मोबाइलच्या छोट्या पडद्यावर कंस शोधता शोधता डोळे दुखतात. दुसरं महत्त्वाचं: तिथे टाकलेले आकडे दुसऱ्याच्या कॉम्प्युटरवर जातात. गटातल्या बायकांचे आधार क्रमांक, मोबाइल नंबर, बँक खाती तिथे कधीही टाकू नका. खरं तर आपल्या कॉम्प्युटरवरसुद्धा हिशेबाच्या फाइलमध्ये नावाऐवजी सभासद क्रमांक पुरतो.

दहा मिनिटांची परीक्षा

माझ्या सांगण्यावर जाऊ नका, स्वतः बघा. आरमध्ये सरावासाठी काही आकडे आधीपासून भरलेले असतात. त्यातल्या एका तक्त्याचं नावच 'विमेन' आहे, म्हणजे बायका. ३० ते ३९ वयाच्या अमेरिकन बायकांची सरासरी उंची आणि वजन त्यात १५ ओळींत आहे. उंची इंचांत, वजन पौंडांत.

एडिटरमध्ये तीन ओळी लिहा. मी इथे मराठीत सांगते, पण टाइप करताना इंग्रजी अक्षरं, तीही सगळी लहान लिपीतली. आर लहान आणि मोठी लिपी वेगवेगळी धरतं, एक अक्षर मोठं पडलं तरी "हे मला सापडत नाही" म्हणतं.

पहिली ओळ: विमेन. चालवली की पूर्ण तक्ता दिसतो. पहिल्या ओळीत उंची ५८ इंच, शेवटच्या ओळीत ७२ इंच.

दुसरी ओळ: समरी, आणि पुढे कंसात विमेन. आता सगळ्यात लहान आकडा, सगळ्यात मोठा, सरासरी आणि मध्यक एकदम मिळतात. उंचीची सरासरी ६५ आणि मध्यकही ६५. वजनाचा मध्यक १३५ आणि सरासरी १३६.७. बघा, सरासरी आणि मध्यक इथे शेजारी शेजारी आले. आपल्या दहा जणींच्या कर्जात हाच फरक दुपटीचा होता.

तिसरी ओळ: प्लॉट, आणि कंसात विमेन. आता चित्र येतं. डावीकडून उजवीकडे चढत जाणारे ठिपके. उंची वाढते तसं वजन वाढतं, हे न वाचता दिसतं.

याच तीन ओळी आधी नोटपॅडमध्ये लिहून बघा, मग आरच्या छोट्या एडिटरमध्ये, मग आरस्टुडिओमध्ये. कुठे उत्तर पटकन समोर आलं, कुठे कमी गोंधळ झाला, कुठे चूक लगेच दिसली, ते तुमचं तुम्हालाच कळेल. हातच्या कांकणाला आरसा कशाला?

पहिल्या आठवड्यातले अडथळे

आरस्टुडिओ घेतलात तर पहिल्या आठवड्यात काही ठिकाणी अडायला होतं. आधीच माहीत असलेलं बरं.

आधी आर बसवायचं, मग आरस्टुडिओ. नुसती वही आणून मशीन नसेल तर शिवणार काय? आर 'क्रॅन' या त्याच्या अधिकृत संकेतस्थळावरून घ्यायचं, आरस्टुडिओ पॉझिटच्या संकेतस्थळावरून. या दोन्हींसाठी कुणी पैसे मागत असेल तर ते पान बंद करा.

आरस्टुडिओ पहिल्यांदा उघडलं की चारऐवजी तीनच भाग दिसतात. मापाची वही मिटलेली असते. म्हणून नवी मुलगी थेट कन्सोलमध्ये लिहायला लागते आणि तिचं काम जपलं जात नाही. फाइल, न्यू फाइल, आर स्क्रिप्ट असं निवडलं की वही उघडते.

कन्सोलमध्ये ओळीच्या सुरुवातीला बाणासारखं चिन्ह असतं. त्याजागी अधिकचं चिन्ह दिसलं आणि काही केल्या उत्तर येईना, तर समजा की कुठला तरी कंस किंवा अवतरण चिन्ह मिटायचं राहिलंय. आर वाट बघत बसलंय, बिघडलेलं नाही. एस्केप बटण दाबा, वर वहीत ओळ दुरुस्त करा, पुन्हा चालवा.

फाइलचं नाव लाल रंगात आणि शेजारी चांदणीसारखी खूण दिसली, म्हणजे लिहिलेलं अजून साठवलेलं नाही. कंट्रोल आणि एस दाबायची सवय लावा. आपल्याकडे वीज सांगून जात नाही.

मराठीसाठी फाइल यूटीएफ-८ मध्येच साठवा. विंडोजवर आरच्या जुन्या आवृत्त्यांत देवनागरी नावांच्या जागी बऱ्याचदा भलतीच चिन्हं दिसायची. २०२२ मध्ये आलेल्या ४.२ या आवृत्तीपासून, विंडोज १० किंवा त्यापुढचं असेल तर, हा त्रास खूपच कमी झालाय. एक्सेलमधून आकडे आणताना 'सीएसव्ही यूटीएफ-८' हा प्रकार निवडा. रकान्यांची नावं मात्र इंग्रजी अक्षरांत, छोटी, मध्ये जागा न सोडता द्या.

रिकामा चौकोन आणि शून्य एक नाही, हेही लक्षात ठेवा. एखादीने बचत भरली नाही तर शून्य. आपल्याला माहितीच मिळाली नाही तर रिकामं. रिकाम्या जागी आर 'एनए' लिहितं, आणि एक जरी एनए असला तरी सरासरीचं उत्तर एनएच देतं. "आधी हिचं काय ते विचारून ये," असं ते सांगतंय असं समजा. माहिती मिळाली तर भरा. नाहीच मिळाली तर ती नोंद सोडून सरासरी काढायची सोय आरमध्ये आहे, पण तसं केलंय हे लिहून ठेवा. तिथे आपल्या मनाने शून्य मात्र भरू नका, सरासरी खाली जाईल.

आणि अक्षरं बारीक वाटली तर कंट्रोल आणि अधिकचं बटण दाबा, सगळं मोठं दिसेल. पडदा बारीक म्हणून शिकणं सोडायची गरज नाही.

गटाने ठरवायच्या दोन गोष्टी

पहिली, ग्रामसंघात किंवा वस्तीत जेवढ्या जणी शिकतायत त्यांनी मिळून एकच एडिटर ठरवा. एकीचा पडदा दुसरीच्या पडद्यासारखा दिसला की फोनवरूनसुद्धा सांगता येतं, "खाली उजवीकडे बघ." तिघींचे तीन एडिटर असतील तर प्रत्येकीची अडचण वेगळी आणि मदतीला कुणीच नाही.

दुसरी, स्क्रिप्टमध्ये मराठीत टिपणं लिहा. ओळीच्या सुरुवातीला हॅशचं चिन्ह दिलं की पुढचं आर वाचत नाही, ते फक्त माणसांसाठी असतं. तिथे लिहायचं, "इथे मागच्या वर्षीचं कर्ज मोजलं," "या दोन गटांची माहिती मिळाली नाही, म्हणून सोडले." जिला आर येत नाही तीही ही टिपणं वाचू शकते आणि बैठकीत विचारू शकते, "हे दोन गट का सोडले?" आपल्या पंचसूत्रीत लेखे नियमित लिहायला सांगितलंय. ही टिपणंही लेख्यांचाच भाग समजा.

शिकायचं कुठून? आयआयटी मुंबईच्या 'स्पोकन ट्युटोरियल' या उपक्रमात छोटे छोटे मोफत धडे आहेत, त्यात आरचेही आहेत. बघता बघता सोबत हाताने करून बघायचं अशी त्यांची रीत. त्या उपक्रमातल्या बऱ्याच विषयांचे धडे मराठी आवाजातही मिळतात. रेंज असलेल्या ठिकाणी ते उतरवून घ्या आणि घरी निवांत बघा. पी हळद आणि हो गोरी असं इथे होत नाही. रोज अर्धा तास, एका वेळी एक ओळ, एवढं पुरे.

तर मैत्रिणींनो, या महिन्याच्या ग्रामसंघाच्या बैठकीत दोन गोष्टी करा. एक, कॉलेजला जाणाऱ्या मुलींना विचारा की त्या कुठल्या एडिटरमध्ये लिहितात, आणि त्यांच्यातल्या एकीला 'विमेन'च्या तीन ओळी सगळ्यांसमोर चालवून दाखवायला सांगा. दोन, मागच्या अहवालात जिथे 'सरासरी कर्ज' लिहिलंय तिथे बोट ठेवा आणि विचारा, "आणि मध्यक किती?" उत्तर काढायला वही लागो की आरस्टुडिओ, प्रश्न विचारायला तुमचा आवाज पुरेसा आहे.

पुढच्या भागात आकड्यांची फाइल कशी मांडायची, रकाने किती आणि ओळी कशा, ते बघूया. तोवर नमस्कार.